संत्र्यावर कोळशी दरवर्षी परत येते? औषध बदलायच्या आधी धुरा पाहा

वरूड-मोर्शी असो की काटोल-नरखेड, संत्र्याच्या कास्तकाराची एक तक्रार दर सीझनला ठरलेली आहे. औषध मारलं, पंधरा-वीस दिवस बाग चकाचक दिसली, आणि मंग पुन्हा पानं काळी, म्हणजे कोळशी. मंग कृषी केंद्रवाला दुसरी बाटली देतो, ती पहिलीपेक्षा महाग असते, तिनेही तेवढेच दिवस भागतं आणि पुढच्या बाराला (बहाराला) परत तेच रडगाणं. हा प्रॉब्लेम मी माझ्या बागेत आणि सोयऱ्याधायऱ्यांच्या बागांत इतक्यांदा निस्तरला आहे की आता कोणाच्याही बागेत गेलो की झाडाच्या आधी माझी नजर धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, जाते. बरेचदा उत्तर तिथेच सापडतं. धुरा पेटवलेला असतो, नाहीतर तणनाशक मारून टक्कल केलेला असतो, नाहीतर हिरवागार असतो पण नेमक्या नको त्या वेलींनी भरलेला असतो.

खाली क्रम दिला आहे तो फुकटातल्या तपासणीपासून पैसे आणि वर्षं खाणाऱ्या कामापर्यंत. क्रम मोडू नका भाऊ, कारण लोकं काय करतात, कुठेतरी व्हिडिओ पाहतात आणि एकदम मित्रकीटक (कीड खाणारे किडे) विकत आणून सोडतात, आणि इकडे झाडाच्या बुडावर मुंग्यांची रांग तशीच चालू असते. ते पैसे पाण्यात.

लक्षणं

पानाच्या वरच्या बाजूला काजळी असते आणि बोटाने पुसली की निघते, खाली पान हिरवं दिसतं. ही काजळी म्हणजे बुरशी, पण मूळ दुखणं ती नाही, ती फक्त चिकट रसावर वाढते. तो रस गळतो वरच्या फांदीवरच्या पानांच्या खालून, जिथे काळ्या माशीची पिल्लं चिकटून बसलेली असतात. म्हणून काळं पान पाहून तेच पान उलटू नका, त्याच्या वरच्या फांदीची पानं उलटा. बारीक काळे ठिपके आणि भोवती पांढरी मेणाची किनार दिसली तर ती काळी माशी. अंडी ती गोल गोल चकरीत घालते, तेही पानाच्या खालीच. पांढरी कापसासारखी गिचमिड असेल तर पिठ्या ढेकूण, आणि कोवळ्या नवतीवर (नव्या पालवीवर) पिवळसर पिल्लं आणि पांढऱ्या मेणाचे धागे असतील तर सायला.

आता हे तर कीड असल्याचं लक्षण झालं, ते सगळ्यांनाच माहीत आहे. मित्रकीटक *नसल्याची* लक्षणं वेगळी असतात आणि हा लेख त्याबद्दल आहे. एक, फवारणीनंतर कीड आधीपेक्षा जोरात परत येते. दोन, एक कीड दबली की दुसरीच उभी राहते, काळी माशी कमी झाली तर पिठ्या ढेकूण नाहीतर लाल कोळी. तीन, बागेच्या मधल्या ओळी काळ्याकुट्ट आणि धुऱ्यालगतच्या एक-दोन ओळी त्यामानाने बऱ्या. चार, खोडावर मुंग्यांची ये-जा. पाच, कितीही पानं उलटा, ढालकिडा (लेडीबग) नाही, क्रायसोपाची (कीड खाणाऱ्या जाळीदार पंखांच्या पाखराची) अंडी नाही, काहीच नाही, नुसती कीड.

तिसऱ्या लक्षणाच्या उलटं असेल, म्हणजे धुऱ्यालगतची झाडं जास्त खराब आणि मधली बरी, तर कीड धुऱ्यावरून नाहीतर शेजारच्या वावरातून येत आहे. मंग नको त्या झाडांची तपासणी आधी करा, ती खाली आहे.

पहिलं काम: पानं उलटून पाहा (खर्च शून्य)

सकाळी ऊन चढायच्या आत जा. सोबत दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, पुस्तकाच्या दुकानात स्वस्तात भेटतं, नाहीतर मोबाईलने जवळून फोटो काढून झूम करा, तेही चालतं. धुऱ्याजवळची काही झाडं आणि मधली काही झाडं, दोन्हीकडची पानं पाहायची, नुसती रस्त्याकाठची पाहून परत यायचं नाही.

काळ्या माशीची पिल्लं मोठी होऊन माशी उडून गेली की मागे टरफल राहतं पानाला चिकटलेलं. त्या टरफलाकडे नीट पाहा. माशी स्वतः बाहेर पडली असेल तर टरफल वरून इंग्रजी टी अक्षरासारखं फाटलेलं असतं. पण त्याच्या आत परोपजीवी माशी वाढली असेल (एन्कार्सिया म्हणतात तिला, डोळ्याला नुसती धूळ वाटावी इतकी लहान) तर ती स्वच्छ गोल भोक पाडून बाहेर येते. टी म्हणजे शत्रू उडाला, गोल भोक म्हणजे मित्र निघाला. दहा-वीस पानांवरची टरफलं पाहिली की तुमच्या बागेत कोण जिंकतंय ते कळते, आणि हे ज्ञान कोणत्याच बाटलीवर छापलेलं नसतं. गोल भोकं बरीच दिसली तर पंप खाली ठेवा, निदान पुढची नवती येईपर्यंत तरी थांबून पाहा.

अजून काय पाहायचं. पानावर नाहीतर काडीवर केसासारख्या बारीक दांडीवर टेकवलेला पांढरट-हिरवट थेंब दिसला तर ते क्रायसोपाचं अंडं. त्याच्या अळ्या काही जातीत पाठीवर कचरा, किडीची मेलेली टरफलं असं काहीबाही वाहून नेतात, म्हणून कचऱ्याचा बारीक ढीग चालताना दिसला तर त्याला मारू नका, तो आपलाच आहे. ढालकिड्याची अळी लांबुळकी, काळी-राखाडी, पाठीवर पिवळे-नारिंगी ठिपके, ती कीड वाटून लोकं सर्रास चिरडतात. आणि सगळ्यात मोठा घोळ क्रिप्टोलेमसचा. हा ढालकिडा पिठ्या ढेकूण खातो पण त्याची अळी स्वतःच पांढऱ्या मेणाच्या धाग्यांनी भरलेली असते, हुबेहूब मोठ्या पिठ्या ढेकणासारखी दिसते. पिठ्या ढेकूण एका जागी सुस्त बसलेला असतो, ही अळी मात्र चांगली तुरुतुरु चालते. काडीने हलकंसं टोचून पाहा, मंगच ठरवा. एका पाहुण्याच्या बागेत 'पिठ्या ढेकूण लय वाढला' म्हणून फोन आला होता आणि जाऊन पाहिलं तर अर्ध्या फांद्यांवर हीच पोरं जेवत बसली होती, पंप भरून तयार.

दुसरं काम: मुंग्या (खर्च जवळपास शून्य)

मुंग्या पान खात नाहीत म्हणून कोणी लक्ष देत नाही. पण त्यांना तो चिकट गोड रस पाहिजे असतो, आणि रस देणाऱ्या किडीची त्या राखण करतात, ढालकिड्याला हाकलतात, परोपजीवी माशीला टरफलाजवळ टेकू देत नाहीत. धुरा कितीही सुंदर केला, हजारो मित्र आले, तरी झाडावर मुंग्यांचा पहारा असेल तर आलेला मित्र उपाशी परत जातो. म्हणून धुऱ्याला हात लावायच्या आधी हे.

जमिनीला टेकलेल्या फांद्या छाटा, कारण मुंग्या खोडावरूनच चढतात असं नाही, त्या फांदीच्या पुलावरूनही जातात. झाडाला टेकलेलं उंच तण, बांबूचा टेकू, ठिबकची लटकलेली नळी, हेही पूलच. मंग खोडाला कागदाची नाहीतर प्लास्टिकची पट्टी गुंडाळून तिच्यावर चिकट पदार्थ लावा, सरळ सालीवर ग्रीस फासू नका, साल खराब होते. धुळीने पट्टी वाळली की तिचा उपयोग संपला, म्हणून मधूनमधून पाहत राहा. हे एवढं केल्यावर नुसत्या मुंग्या बंद झाल्याने पिठ्या ढेकूण उतरलेला मी पाहिला आहे.

तिसरं काम: फवारणीची वही काढा

वही नसेल तर रिकाम्या बाटल्या काढा गोठ्यातून, त्याही बोलतात. मागच्या वर्षभरात काय काय मारलं आणि कधी मारलं ते एका कागदावर लिहा.

सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली औषधं, सायपरमेथ्रीन, लॅम्बडा वगैरे, ही स्वस्त असतात, झटक्यात पाखरू पाडतात आणि आपल्याला समाधान भेटतं. पण ती निवड करत नाहीत. काळ्या माशीची अंडी आणि कोष पानाच्या खाली चिकटून बऱ्यापैकी वाचतात आणि उघड्यावर फिरणारा ढालकिडा, क्रायसोपा, परोपजीवी माशी आधी मरते. कीड परत वाढायला एक पिढी पुरते, मित्राला यायला बाहेरून कुठून तरी यावं लागतं, आणि बाहेर म्हणजे धुरा, तो तर आपण पेटवला. इथेच ते पंधरा-वीस दिवसांचं चक्र सुरू होतं.

हे काही आजचं नाही. 1888-89 मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या संत्रा-लिंबूच्या बागा एका पांढऱ्या खवलेकिडीने बुडायला आल्या होत्या, तेव्हा ऑस्ट्रेलियातून वेडालिया नावाचा ढालकिडा आणून सोडला आणि त्याने ती कीड आटोक्यात आणली. पुढे 1940 च्या दशकात डीडीटी आलं, ते फवारलं, ढालकिडा मेला आणि तीच खवलेकीड परत उभी राहिली. औषध जोरदार होतं, तरीही.

वेळेचं पाहा. काळ्या माशीच्या वर्षात साधारण तीन पिढ्या होतात, आणि त्या नवतीसोबत येतात: मार्च-एप्रिल, जुलै-ऑगस्ट आणि डिसेंबर-जानेवारी. फवारणी करायचीच झाली तर साधारण अर्धी अंडी फुटलेली असतील तेव्हा करा, पिल्लं लहान आणि नाजूक असतात तेव्हाच ती मरतात. पानं काळी दिसल्यावर मारणं म्हणजे उशीर झाला, पिल्लांनी जाड कवच केलेलं असतं. आणि निंबोळी तेल असो की दुसरं काही, नोझल खालून वर मारलं पाहिजे, वरून आंघोळ घालून पानाखालची कीड मरत नाही.

धुऱ्यावर फवारा जाऊ देऊ नका. ट्रॅक्टरचं ब्लोअर घेऊन शेवटच्या ओळीपाशी वळताना सगळं औषध धुऱ्याच्या फुलांवर उडतं, वळायच्या आधी बंद करा. शेवटची ओळ वाटलं तर हातपंपाने मारा. बाग फुलावर असताना मधमाश्या असतात, तेव्हा तर शक्यतो मारूच नका. पूर्ण बाग न मारता जेवढी झाडं खराब आहेत तेवढीच मारणं हा अजून एक स्वस्त उपाय, राहिलेल्या झाडांवरचे मित्र वाचतात.

चौथं काम: धुऱ्यावर कोणत्या महिन्यात काय फुलतं ते पाहा

इथून खरा मुद्दा.

परोपजीवी माशी नुसती कीड खाऊन जगत नाही, तिची पोरं किडीच्या आत वाढतात, तिला स्वतःला मात्र फुलाचा गोड रस लागतो. रस नाही भेटला तर ती थोड्याच दिवसांत मरते, अंडी घालायची राहूनच जातात. सिरफिड माशीचंही तेच, तिची अळी मावा खाते पण मोठी माशी फुलावर जगते. क्रायसोपाच्या काही जातीतही मोठं पाखरू रस आणि परागावरच भागवतं. म्हणजे बागेत कीड भरपूर असली तरी मित्राचं पोट भरेलच असं नाही, त्याला कीडही लागते, फूलही लागतं आणि उन्हात टेकायला सावलीही लागते.

आता आपल्याकडचं कॅलेंडर पाहा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये प्रश्नच नाही, तरोटा, कंबरमोडी, आघाडा, सगळं फुललेलं असतं, तेव्हा कोणाच्याही धुऱ्यावर मित्र सापडतात. दिवाळीनंतरही बरं असतं. खड्डा पडतो तो एप्रिल-मे मध्ये. पारा 45-46 वर, मृग बार (पावसाळ्यात फुलणारा बहार) धरायला झाडं ताणावर टाकलेली, म्हणजे पाणी तोडलेलं, बागेत नवती नाही, जमिनीवर तण नाही, फूल नाही. आणि नेमकं तेव्हाच पेरणीच्या तयारीत पऱ्हाट्या-तुराट्या जाळता जाळता धुराही पेटतो, कधी आपला, कधी शेजाऱ्याचा येऊन आपला घेऊन जातो. जून-जुलैमध्ये पाऊस पडून नवती फुटते, काळी माशी तिच्यावर तुटून पडते, आणि तिला खाणारं कोणी शिल्लक नसतं. मृगाच्या नवतीवर कोळशी इतकी जोरात काहून येते याचं एक कारण हे आहे.

म्हणून एकच काम पहिल्या वर्षी करा, त्याला रुपया लागत नाही: धुरा पेटवू नका आणि त्याच्यावर तणनाशक मारू नका. कापायचा असेल तर कापा, पण सगळा एकाच वेळी नको, या आठवड्यात हा तुकडा, तो फुटला की पलीकडचा. धुऱ्यावर जुना निंब असेल तर तो तोडू नका, त्याचा मोहर मार्च-एप्रिलमध्ये येतो, करंज एप्रिल-मे मध्ये फुलतो, ही दोन झाडं उन्हाळ्याचा तो खड्डा भरतात. लोकं नेमकी हीच तोडतात, सावली पडते म्हणून.

पाचवं काम: धुऱ्यावर नको ते काय आहे

'धुरा हिरवा ठेवा' एवढंच सांगणारे अर्धं सांगतात. काही झाडं धुऱ्यावर ठेवली तर मित्र नाही, शत्रू पोसला जातो.

गुळवेल आणि वासनवेल या दोन वेली आधी पाहा. आंब्या बाराची (हिवाळ्याच्या शेवटी फुलणाऱ्या बहाराची) फळं रंगावर यायला लागली की रात्री जो मोठा पतंग येऊन फळात सोंड खुपसतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्या भोकाभोवती फळ सडून गळतं, त्या पतंगाच्या अळ्या संत्र्यावर वाढत नाहीत. त्या या वेलींच्या पानांवर वाढतात. करोनापासून गुळवेलीला लय भाव आला, निंबावर चढलेली गुळवेल कोणी काढायला तयार नाही, औषधी आहे म्हणतात. आहे ना, पण ती घरामागे लावा, बागेच्या धुऱ्यावर नको. जुलै-ऑगस्टमध्ये वेलीची पानं उलटीपालटी करून पाहा, अंगावर डोळ्यासारखे गोल ठिपके असलेली, वाकून चालणारी मोठी अळी दिसेल. वेल मुळासकट काढा, नुसती वरून तोडली तर ती परत फुटते, तुटलेला तुकडाही जीव धरतो.

गोडनिंब (कढीपत्ता). भाजीत टाकायला धुऱ्यावर एक झाड असतंच. तो संत्र्याच्याच कुळातला आहे, सायला त्याच्यावर आरामात राहते आणि काळी माशीही. बागेपासून लांब लावा. शोभेची कुंती लावली असेल फार्महाऊसजवळ तर तिचंही तेच.

गाजरगवत आणि पेटारी यांच्यावर पिठ्या ढेकूण वाढतो, फुलायच्या आधी उपटून टाका. वांगं, टमाटर, मिरची बागेच्या ओळीत किंवा अगदी लगत नका घेऊ, रसशोषक किडी आणि सूत्रकृमी दोघांचीही सोय होते.

रुईबद्दल नेहमी विचारतात, कारण ती पिवळ्या माव्याने भरलेली असते. ती राहू द्या. तो मावा संत्र्यावर येत नाही आणि त्याच्यावर ढालकिडे पोसले जातात. मावा दिसला की घाबरून फवारायची सवय आपल्याला आहे, पण धुऱ्यावरचा मावा म्हणजे ढालकिड्याचा डबा समजा.

सहावं काम: मित्र बागेच्या आत पोचतात का

जुनं पांढरं धोतर नाहीतर उलटी छत्री घ्या, फांदीखाली धरा, फांदीला काठीने हलके ठोके द्या. जे खाली पडलं ते पाहा. धुऱ्याच्या ओळीतली काही झाडं आणि मधल्या ओळीतली काही झाडं, सारख्याच वेळी, सारखेच ठोके. ढालकिडे, कोळी (जाळं विणणारे), क्रायसोपाच्या अळ्या मोजा आणि लिहून ठेवा.

कारण असं आहे की परोपजीवी माशी अंगाने इतकी बारीक, ती फार लांब जात नाही. सहा बाय सहा मीटरवर लावलेल्या बागेत दहा ओळी आत म्हणजे 60 मीटर. धुऱ्याचा फायदा पहिल्या काही ओळींत चांगला दिसतो आणि आत जाता जाता पातळ होतो. आमच्याकडे मोठ्या चौकोनी बागांत मधोमध कोळशीचा गोळा बसतो तो यामुळेही. धुऱ्याजवळ मित्र भरपूर आणि आत कमी असं निघालं तर अजून धुरा सजवून उपयोग नाही, फुलं ओळींच्या मध्ये आणावी लागतील. दोन्हीकडे कमी निघाले तर परत फवारणीच्या वहीकडे जा. पिवळे चिकट सापळे टांगून हे मोजू नका, त्यात मित्रही चिकटून मरतात.

सातवं काम: पेरा (थोडा खर्च)

सगळ्यात सोपं म्हणजे सांभार (कोथिंबीर). भाजीसाठी कापायचा नाही, फुलावर येऊ द्यायचा. त्याचं फूल बारीक आणि उघडं, आखूड तोंडाच्या माशीलाही रस भेटतो. बडीशेप, ओवा, मोहरी, हेही तसंच. चवळी लावली तर तिच्यावर मावा येतो, त्याच्यामागे ढालकिडे येतात, शिवाय चवळीच्या फुलाबाहेरही गोड रसाच्या गाठी असतात. मका-ज्वारीच्या दोन ओळी परागासाठी. झेंडू लावा, पण बाजारातला गच्च पाकळ्यांचा नाही, एकेरी पाकळ्यांचा, गच्च फुलात माशीचं तोंडच पोचत नाही. तूर धुऱ्यावर तसंही लोकं लावतातच.

सगळं एकदम पेरू नका, पंधरा दिवसांच्या अंतराने तुकड्या-तुकड्याने पेरा म्हणजे एक संपेपर्यंत दुसरं फुलतं. दर काही ओळींनंतर एका पट्ट्यात, झाडाच्या बुडापासून लांब. खोडाभोवतीचं आळं स्वच्छच पाहिजे, तिथे गर्दी आणि ओल राहिली की डिंक्या (खोडातून डिंक गळायचा रोग) लागतो आणि मंग मित्रकीटकांच्या नादात झाडच जायचं. उन्हाळ्यासाठी धुऱ्याकडच्या शेवटच्या ड्रिपर नळीवर एक छोटा पट्टा ओला ठेवता आला तर लय फरक पडतो, पण मृगाचा ताण दिलेला असेल तर ते पाणी झाडाच्या मुळाला भेटता कामा नये, नाहीतर ताण मोडतो. जमत नसेल तर सोडून द्या, निंब-करंजावर भागवा.

आठवं काम: कायमचा धुरा (पैसे, वर्षं आणि शेजारी)

शेवगा, करंज, निरगुडी, शेवरी, बोर, खाली कंबरमोडी आणि रानतुळस, असा तीन थरांचा धुरा करायला दोन-तीन पावसाळे जातात. वाराही अडतो, मे मधल्या गरम वाऱ्याने नवती आणि बारीक फळं कमी झडतात, तो वेगळा फायदा. पण धुरा हा आपला एकट्याचा नसतो. शेजाऱ्याशी आधी बोला, सावली आणि मुळं त्याच्या वावरात जाणार, विदर्भात धुऱ्यावरून किती तारखा चालू आहेत ते मी सांगायची गरज नाही.

दुसरी अडचण रानडुकरांची. दाट झुडूप म्हणजे त्यांचा मुक्काम. म्हणून सगळा धुरा जंगल करायचा नाही, खालची झाडी कंबरेच्या वर जाऊ द्यायची नाही आणि मधून मधून मोकळं अंतर ठेवायचं. सापाचंही आहेच, संत्रा तोडायला येणाऱ्या बायांना आधी सांगून ठेवा कुठे दाट आहे.

आणि खरं सांगायचं तर धुरा केला की कोळशी गेली असं कोणी म्हणत असेल तर विश्वास ठेवू नका. मित्र वाढलेले दिसतात लवकर, कीड कमी व्हायला वेळ लागतो, आणि आजूबाजूच्या दहा बागा रोज फवारत असतील तर कमी होईलच असंही नाही. फवारण्या कमी होतात, हे मात्र दिसतं. विकतचे क्रिप्टोलेमस किंवा क्रायसोपा सोडायचे असतील तर ते इथे, आठव्या नंबरावर, मुंग्या आणि फवारणी आटोक्यात आल्यानंतर.

कुठे थांबायचं आणि कोणाला बोलवायचं

पूर्ण बाग काळी झाली असेल, फळधारणेवर परिणाम दिसत असेल, तर मित्रांची वाट पाहत बसू नका. कृषी सहायकाला नाहीतर जवळच्या कृषी विज्ञान केंद्राला बोलवा, त्यांच्याकडून वेळ आणि औषध ठरवून घ्या, आणि जमलं तर शेजारच्या बागांनीही त्याच आठवड्यात मारावं. एकाने मारून बाकीच्यांनी सोडलं तर माशी इकडून तिकडे उडून जाते.

पानं पिवळी, पण शिरेच्या दोन बाजूंचा पिवळेपणा वेगवेगळा, फळं लहान आणि वाकडी, असं असेल तर ग्रीनिंग रोगाचा संशय घ्या. तो सायलाने पसरतो, झाड बरं करणारं औषध नाही आणि नुसतं पाहून खात्री होत नाही, प्रयोगशाळेतच कळतं. नागपूरला अमरावती रोडवर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, तिथे विचारा. नमुना नेताना पानांसकट फांदी तोडून वर्तमानपत्रात गुंडाळा, प्लास्टिकच्या पन्नीत घाम येऊन ती सडते. ताजी न्या, आणि सोबत ती फवारणीची वही.

खोडातून डिंक, शेंडे वाळत खाली येणं, मुळं काळी पडून साल सुटणं, खोडावर जाळी आणि भुसा, हे धुऱ्याचे प्रश्न नाहीत आणि वरच्या कोणत्याच कामाने सुटणार नाहीत. ढीगभर फळगळ होत असेल तरी आधी तज्ज्ञाला दाखवा, त्याची कारणं कीड, बुरशी, पाणी, अन्नद्रव्यं अशी पाच-सहा असतात आणि अंदाजाने मारलेली फवारणी मित्रांनाच मारते. घरबसल्या विचारायचं असेल तर किसान कॉल सेंटर 1800-180-1551, मराठीत बोलतात.

फवारताना चक्कर, उलटी, डोळ्याला अंधारी, घाम, तोंडाला लाळ असं काही झालं तर पंप तिथेच टाका, कपडे काढा, अंग साबणाने धुवा आणि सरळ सरकारी दवाखान्यात जा, औषधाची बाटली नाहीतर लेबल सोबत घेऊन, म्हणजे डॉक्टरला काय पोटात-अंगात गेलं ते कळते. 2017 मध्ये यवतमाळकडे फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजूर दगावले, ते सगळ्यांनी पाहिलं आहे. दोन-तीन औषधं अंदाजाने मिसळून मारणं आधी बंद करा, आणि ब्लोअरवर बसणाऱ्या पोराला मास्क-हातमोजे घेऊन द्या, ते त्या महागड्या बाटलीपेक्षा स्वस्त पडतात.